जुने ४०१(के) खाते आणि आयआरए: शुल्काचा हिशेब नेमका कसा मांडावा

अमेरिकेत नोकरी सुटली किंवा बदलली की जुन्या कंपनीतल्या ४०१(के) खात्याचे, म्हणजे पगारातून भरल्या जाणाऱ्या निवृत्ती बचतीच्या खात्याचे, काय करायचे, हा प्रश्न काही आठवड्यांतच समोर उभा राहतो आणि त्याचे तयार उत्तर देणारी माणसेही तितक्याच तत्परतेने भेटतात. पैसे आयआरएमध्ये, म्हणजे आपण स्वतः उघडलेल्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात, रोलओव्हर करून (वळवून) टाका, तिथे पर्याय भरपूर आहेत आणि शुल्कही कमी आहे, असे ते उत्तर असते. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या मित्रमंडळींची अशी कागदपत्रे वाचून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आपोआप आले आहे. मी गुंतवणूक सल्लागार नाही. बारीक अक्षरांतला मजकूर वाचायचा मला कंटाळा नाही, एवढीच माझी पात्रता. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की स्वतः फंड निवडणाऱ्याला आयआरए सर्वांत स्वस्त पडते आणि दुसऱ्याने दाखवलेल्या ठिकाणी सही करणाऱ्याला तीच सर्वांत महाग पडते. नोकरीच्या ठिकाणची योजना या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ती नेमकी कुठे आहे हे बहुतांशी मालक कंपनी किती मोठी आहे यावर ठरते. त्यामुळे ‘आयआरएमध्ये शुल्क कमी’ हे विधान कोणाच्या आयआरएबद्दल आणि कोणत्या कंपनीच्या योजनेबद्दल केले आहे, हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

शुल्क विचारायची आपल्याला सवय नसते, याचे एक कारण भारतातल्या भविष्य निर्वाह निधीत आहे असे मला वाटते. तिथे प्रशासकीय खर्चापोटी पगाराच्या अर्धा टक्का रक्कम मालक वेगळी भरतो आणि सदस्याच्या पासबुकात फक्त वर्गणी आणि जाहीर झालेले व्याज दिसते. २०२४-२५ साठी ८.२५ टक्के म्हणजे ८.२५ टक्के, त्यातून कोणाचे काय कापले गेले हा प्रश्नच सदस्याच्या मनात येत नाही. ४०१(के) मध्ये मात्र व्याज जाहीर होत नाही, फंडाची किंमत वरखाली होते, आणि फंडाचा खर्च त्या किमतीतून रोज थोडा थोडा वजा होऊन मगच परतावा आपल्यासमोर येतो. स्टेटमेंटवर ‘यंदा ९ टक्के वाढ’ असे दिसले, तर ती खर्च गेल्यानंतरची वाढ असते. जे वजा झाले त्याची ओळ कुठेही छापलेली नसते आणि म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

हा लपलेला भाग किती मोठा असू शकतो, हे अमेरिकेच्या कामगार खात्यानेच आपल्या माहितीपत्रकात एका उदाहरणाने दाखवले आहे. खात्यात २५,००० डॉलर आहेत, पुढे एक पैही भरायची नाही, निवृत्तीला ३५ वर्षे आहेत आणि वार्षिक परतावा ७ टक्के आहे असे धरले, तर खर्च अर्धा टक्का असताना शेवटी सुमारे २,२७,००० डॉलर होतात आणि दीड टक्का असताना सुमारे १,६३,०००. एका टक्क्याच्या फरकाने हातात येणारी रक्कम २८ टक्क्यांनी घटते. हे गणित मी स्वतः करून पाहिले आहे आणि ते बरोबर आहे. वाचणाऱ्यानेही एकदा करून पाहावे, कारण एक टक्का म्हणजे शंभरात एक, त्याचे काय एवढे, ही आपली पहिली प्रतिक्रिया त्यानंतर टिकत नाही.

तुलना करायची तर आधी योजनेच्या शुल्काचे थर वेगळे करावे लागतात. पहिला थर फंडाचा स्वतःचा, ज्याला एक्सपेन्स रेशो म्हणतात. दुसरा थर रेकॉर्डकीपरचा, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या, संकेतस्थळ चालवणाऱ्या आणि स्टेटमेंट पाठवणाऱ्या कंपनीचा. तिसरा थर फक्त तुम्ही काही विशेष केले तर लागणाऱ्या शुल्कांचा: कर्ज काढणे, घटस्फोटात खाते विभागणे, पैसे काढणे वगैरे, तो बहुतेकांच्या बाबतीत किरकोळ असतो, म्हणून मी त्यात शिरत नाही. खरी मेख दुसऱ्या थरात आहे, कारण तो तीन वेगवेगळ्या रूपांत येतो. काही योजनांत तो माणशी ठरावीक डॉलर असतो, काहींत शिल्लक रकमेच्या टक्क्यांत असतो, आणि काहींत तो वेगळा दिसतच नाही, कारण फंड कंपनी आपल्या एक्सपेन्स रेशोतला काही भाग रेकॉर्डकीपरला परस्पर देते. या शेवटच्या पद्धतीला रेव्हेन्यू शेअरिंग म्हणतात. ‘आमच्या योजनेत प्रशासकीय शुल्क शून्य आहे’ असे एचआर अभिमानाने सांगते, तेव्हा पुष्कळदा ते फंडाच्या पोटात बसलेले असते.

हे सगळे शोधायला आता गुप्तहेर लागत नाही. २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार योजनेने प्रत्येक सदस्याला वर्षातून एकदा शुल्काचा तक्ता द्यावाच लागतो आणि खात्यातून प्रत्यक्ष कापलेले प्रशासकीय डॉलर तिमाही स्टेटमेंटवर दाखवावे लागतात. वार्षिक तक्त्यात प्रत्येक फंडासमोर खर्च दोन प्रकारे लिहिलेला असतो, टक्क्यांत आणि दर १,००० डॉलरमागे किती डॉलर. हा दुसरा रकाना मला फार उपयोगी वाटतो, कारण ‘०.७४ टक्के’ वाचून काहीच न वाटणाऱ्या माणसाला ‘हजारामागे ७ डॉलर ४० सेंट’ वाचल्यावर आपली शिल्लक आठवते आणि तो मनात गुणाकार करू लागतो. कागद मिळाला की मी आधी तक्त्याच्या वरचा किंवा खालचा मजकूर वाचतो, कारण दुसरा थर तिथे लिहिलेला असतो आणि तक्त्यातल्या आकड्यांत तो बहुधा मिसळलेला नसतो. तक्ता पाहिला आणि मजकूर सोडला, तर अर्धाच हिशेब हाती लागतो.

आता १,२०,००० डॉलरची शिल्लक धरून चार चित्रे मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण मी पाहिलेल्या कागदांपासून फार दूर नाहीत. मोठ्या कंपनीच्या योजनेत टार्गेट डेट फंडाचा (निवृत्तीच्या वर्षानुसार गुंतवणूक आपोआप बदलत जाणाऱ्या फंडाचा) खर्च ०.१० टक्के, म्हणजे वर्षाला १२० डॉलर, आणि रेकॉर्डकीपरचे माणशी ५२ डॉलर. एकूण १७२ डॉलर. चाळीस माणसांच्या छोट्या कन्सल्टिंग कंपनीच्या योजनेत फंड ०.४५ टक्के आणि वर शिलकीवर ०.६० टक्के, म्हणजे ५४० अधिक ७२०, एकूण १,२६० डॉलर. तीच रक्कम स्वतः उघडलेल्या आयआरएत ०.०४ टक्क्यांच्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात) ठेवली तर ४८ डॉलर. आणि तीच सल्लागाराच्या हाती दिली, त्याने १ टक्का घेतला आणि ०.४० टक्के सरासरी खर्चाचे फंड निवडले, तर १,२०० अधिक ४८०, म्हणजे १,६८० डॉलर. चारही ठिकाणी माणूस तोच आणि पैसा तेवढाच. खर्च ४८ पासून १,६८० पर्यंत. ‘४०१(के) महाग की आयआरए महाग’ हा प्रश्न असाच विचारला तर त्याला उत्तर का नाही, हे यावरून दिसावे.

मोठ्या योजनेला इतका स्वस्त भाव मिळतो तो घाऊक खरेदीमुळे. हजारो माणसांचे पैसे एकत्र आले की एकाच फंडाचा संस्थात्मक वर्ग मिळतो, जो किरकोळ ग्राहकाला मिळणाऱ्या वर्गापेक्षा स्वस्त असतो; गुंतवणूक तीच, व्यवस्थापक तोच, फक्त पट्टी वेगळी. याच मुद्द्यावर कॅलिफोर्नियातल्या एडिसन इंटरनॅशनल या वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी खटला भरला होता (आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावाशी तिचा संबंध नाही, हे इकडच्या वाचकांसाठी). संस्थात्मक वर्ग उपलब्ध असताना योजनेत महाग किरकोळ वर्ग का ठेवला, असा त्यांचा सवाल होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की योजनेच्या विश्वस्तांचे कर्तव्य फंड निवडण्यापाशी संपत नाही, निवडलेल्या फंडांवर सतत नजर ठेवणे हाही त्याचाच भाग आहे. २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक बाब स्पष्ट केली: यादीत काही स्वस्त पर्याय आहेत एवढ्यावरून यादीतल्या महाग पर्यायांची जबाबदारी टळत नाही. अशा खटल्यांच्या धाकाने असो की स्पर्धेने असो, ४०१(के) मधल्या शेअर फंडांचा सरासरी खर्च, फंड उद्योगाच्या स्वतःच्या संघटनेच्या आकड्यांनुसार, २००० मध्ये पाऊण टक्क्याच्या आसपास होता तो २०२३ पर्यंत एक तृतीयांश टक्क्याखाली आला.

आयआरएच्या बाबतीत असा विश्वस्त कोणीच नसतो, आणि हा फरक शुल्काच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. १९७४ च्या ज्या एरिसा या निवृत्ती योजनांच्या कायद्याने आयआरए जन्माला घातली, त्याच कायद्याने नोकरीच्या योजनेवर विश्वस्ताची जबाबदारी बसवली. पण ती जबाबदारी योजनेपुरती राहिली. आयआरए तुमची, निवड तुमची आणि चूकही तुमचीच. पैसे योजनेतून आयआरएत हलवा असा सल्ला देणाऱ्यालाच विश्वस्ताच्या कसोटीला लावावे, असा प्रयत्न कामगार खात्याने २०१६ मध्ये केला, तो नियम २०१८ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. २०२४ मध्ये पुन्हा नवा नियम आला, त्याला टेक्सासमधल्या न्यायालयांनी काही महिन्यांतच स्थगिती दिली. विक्रेत्यांवर रोखे बाजाराच्या नियामकाचे २०२० पासूनचे नियम लागू आहेत आणि ते अगदीच निरर्थक नाहीत, परंतु योजनेच्या विश्वस्ताला जसे न्यायालयात खेचता येते तसे इथे होत नाही.

हलवाहलवीत किती पैसा गुंतलेला आहे, याची कल्पना प्यू या संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासावरून येते. २०१८ या एका वर्षात सुमारे ५१६ अब्ज डॉलर नोकरीच्या योजनांतून आयआरएत गेले, आणि केवळ संस्थात्मक व किरकोळ वर्गांच्या दरांतल्या फरकामुळे त्या रकमेचे २५ वर्षांत सुमारे ४५ अब्जांचे नुकसान होईल, असा त्यांचा अंदाज होता. यात सल्लागाराचा टक्का धरलेला नाही. रोलओव्हरसाठी येणारे फोन इतके अगत्याचे का असतात, ते यावरून समजते.

आपल्या समाजात एक वेगळा प्रकार मी वारंवार पाहतो आणि त्याबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. ओळखीतल्या ओळखीतून, मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेला एखादा एजंट जुने ४०१(के) खाते आयआरएत आणून त्यातून इंडेक्स्ड ॲन्युइटी (परतावा निर्देशांकाशी जोडलेला विमा कंपनीचा करार) घ्यायला लावतो. ‘यात तुम्हाला काहीच शुल्क नाही’ हे त्याचे वाक्य कागदावर पुष्कळदा खरे असते, कारण त्याचे कमिशन विमा कंपनी देते आणि तुमच्या स्टेटमेंटवर त्याची ओळ येत नाही. ते कमिशन वसूल होते ते तुमच्या परताव्यावर घातलेल्या मर्यादेतून, आणि सात ते दहा वर्षे चालणाऱ्या सरेंडर चार्जमुळे, म्हणजे मुदतीआधी पैसे काढल्यास लागणाऱ्या शुल्कामुळे, तुम्हाला मध्येच बाहेर पडणे महाग पडते. करलांबणीचा (पैसे काढेपर्यंत कर न भरण्याचा) जो फायदा ॲन्युइटीचा म्हणून सांगितला जातो, तो आयआरएला मुळातच आहे. ज्यांना आयुष्यभर हमीचे उत्पन्न हवे आहे त्यांनी ॲन्युइटीचा विचार जरूर करावा, पण पस्तिशीतल्या माणसाला ती ‘शुल्क वाचवण्यासाठी’ विकणे मला अजिबात पटत नाही.

आणखी एक खर्च कोणीच शुल्क म्हणून मोजत नाही. योजनेतून पैसे आयआरएत येतात ते रोख म्हणून येतात, आणि फंड स्वतः विकत घेतल्याशिवाय तसेच पडून राहतात. व्हॅन्गार्ड या फंड कंपनीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१५ साली रोलओव्हर केलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांचे पैसे सात वर्षांनंतरही रोखीतच होते. ०.०३ आणि ०.०४ टक्क्यांतला फरक काढत बसणाऱ्या माणसाने आधी आपले पैसे गुंतवले गेले आहेत की नाही, हे पाहावे.

नोकरी सोडल्यावर जुन्या योजनेतले शुल्क तेच राहील असेही गृहीत धरू नये. काही कंपन्या चालू कर्मचाऱ्यांचा रेकॉर्डकीपिंग खर्च स्वतः भरतात आणि माजी कर्मचाऱ्यांच्या खात्यातून तो वसूल करतात. कामगार खात्याने २००३ च्या परिपत्रकात याला मुभा दिलेली आहे. त्यामुळे सोडल्यानंतरचे पहिले तिमाही स्टेटमेंट नीट पाहावे. माणशी शुल्काचा दुसराही पैलू आहे: वर्षाला ४८ डॉलर हे ४,००० डॉलरच्या खात्याचे १.२ टक्के होतात, तर ४,००,००० डॉलरच्या खात्याचे टक्क्याचा शंभरावा भाग जेमतेम. म्हणजे एकाच योजनेत एकाला राहणे महाग आणि दुसऱ्याला जवळपास फुकट. शिल्लक ७,००० डॉलरपर्यंत असेल तर योजना तुमच्या होकाराशिवायही ती आयआरएत टाकू शकते (२०२४ पूर्वी ही मर्यादा ५,००० होती), आणि अशा सक्तीच्या आयआरएत पैसे सुरक्षित पण अगदी कमी व्याजाच्या साधनात ठेवलेले असतात, शुल्क मात्र चालूच असते. एक-दोन वर्षांच्या पहिल्या नोकरीचे असे खाते कोणाचे विसरले असेल, तर ते आधी शोधून काढावे.

आता वरच्या उदाहरणातल्या १७२ आणि ४८ डॉलरच्या फरकाकडे येतो, कारण चांगल्या योजनेतल्या माणसापुढचा खरा प्रश्न तोच आहे. वर्षाला १२४ डॉलर जास्त देऊन योजनेत राहावे का? बहुतेकांच्या बाबतीत माझे उत्तर ‘हो’ असे आहे. योजनेत स्टेबल व्हॅल्यू फंड (मुद्दल सांभाळून स्थिर व्याज देणारा) मिळतो, तो आयआरएत मिळत नाही. ज्या वर्षी वयाची ५५ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सुटली, तर त्या योजनेतून दहा टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. आयआरएत त्यासाठी साडेएकोणसाठपर्यंत थांबावे लागते. पन्नाशीनंतर ले-ऑफ होणाऱ्या आयटीवाल्यांना ही सवलत किती मोलाची आहे, हे निराळे सांगायला नको.

आणि आपल्या बऱ्याच दुहेरी कमाईच्या घरांना लागू पडणारा मुद्दा बॅकडोअर रॉथचा. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याचे उत्पन्न २०२५ साठी २,४६,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर रॉथ आयआरएत (जिथे आधीच कर भरलेला पैसा जातो आणि निवृत्तीत काढताना कर लागत नाही) थेट भरता येत नाही, म्हणून लोक पारंपरिक आयआरएत (जिथे काढताना कर लागतो) करवजावट न घेता ७,००० डॉलर भरतात आणि ते रॉथमध्ये वळवतात. तुमच्या नावावर दुसरी पारंपरिक आयआरए नसेल तर यावर जवळजवळ कर लागत नाही. पण जुन्या ४०१(के) चे १,२०,००० डॉलर तुम्ही आयआरएत आणून ठेवले असतील, तर अमेरिकेचा कर विभाग दोन्ही रकमा एकत्र धरतो, वळवलेल्या ७,००० पैकी साडेपाच टक्केच करमुक्त ठरतात आणि उरलेल्या सुमारे ६,६१४ डॉलरवर कर भरावा लागतो. तुमचा टप्पा २४ टक्क्यांचा असेल तर तो कर दीड हजार डॉलरहून अधिक होतो, तोही दर वर्षी. १२४ डॉलर वाचवायला गेलेल्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही.

छोट्या कंपनीच्या १,२६० डॉलरवाल्या योजनेतून बाहेर पडणाऱ्याला मात्र मी थांब म्हणणार नाही. त्याच्यापुढे पहिला पर्याय नव्या नोकरीची योजना हा असावा. ती बाहेरून आलेली रोलओव्हर रक्कम स्वीकारते का, आणि तिचा शुल्काचा तक्ता काय सांगतो, हे एचआरला विचारावे. नोकरी लागण्यापूर्वी तक्ता हवा असेल तर मागायला संकोच करू नये. ती योजनाही महाग असेल तर आयआरए, पण स्वतः उघडलेली आणि दोन-तीन इंडेक्स फंडांची. सल्लागार हवाच असेल तर त्याला माझा एकच प्रश्न असतो: माझ्या सध्याच्या योजनेत मी वर्षाला किती डॉलर देतो आणि तुमच्याकडे किती देईन, हे दोन्ही आकडे लेखी द्याल का? प्रामाणिक सल्लागाराला यात अडचण वाटत नाही. तो आपल्या एक टक्क्याच्या बदल्यात करनियोजन, मृत्युपत्र, विमा यांकडेही पाहणार असेल तर काही घरांना ती फी परवडतेही. पण मग ती त्या कामांची फी आहे हे लक्षात ठेवावे आणि शुल्क वाचवले असे म्हणू नये.

पैसे हलवायचे ठरले की ते थेट संस्थेकडून संस्थेकडे जातील असे पाहावे. धनादेश तुमच्या वैयक्तिक नावाने निघाला तर २० टक्के रक्कम करापोटी आधीच कापली जाते, आणि ६० दिवसांत ती पदरची घालून पूर्ण रक्कम भरली नाही तर न भरलेल्या भागावर कर आणि वय कमी असेल तर दंडही बसतो.

भारतात परतणाऱ्यांसाठी शुल्काच्या आधी एक वेगळीच चौकशी करावी लागते. भारतातला पत्ता असलेल्या ग्राहकाची आयआरए चालू ठेवायला काही ब्रोकर तयार नसतात किंवा नवे फंड घेऊ देत नाहीत, त्यामुळे निघण्याच्या आधी, इथला पत्ता आणि फोन चालू असतानाच, जुनी योजना आणि ब्रोकर या दोघांनाही लेखी विचारून घ्यावे. भारताच्या बाजूने २०२१ च्या वित्त कायद्याने आणलेल्या ८९अ कलमामुळे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढतानाच भरण्याचा पर्याय मिळाला, पण तो आपोआप मिळत नाही. त्यासाठीचा अर्ज (१९६१ च्या आयकर कायद्याखाली १०-ईई) मुदतीत भरून तो निवडावा लागतो, आणि गावाकडच्या सीएला ते कलम ठाऊक असेलच असे धरून चालू नये.